‘पैसे गेले, मुंग्या राहिल्या’ या अभिप्रायास केंद्रचालकाचे उत्तर

सविनय नमस्कार.

आपण आमच्या पुण्यातील अ‍ॅक्युपंक्चर केंद्राला एक तारा देऊन लिहिले आहे, की आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध घेतल्यानंतर वडिलांच्या तळपायांत राहिलेला बधिरपणा आणि मुंग्या ‘दहा सिटिंगमध्ये जातील’ असे आमच्याकडून फोनवर सांगितले गेले, बारा सिटिंगचे पैसे आगाऊ घेतले गेले आणि नऊ सिटिंगनंतर रात्रीची आग थोडी कमी होऊन झोप लागू लागली, एवढाच काय तो फरक पडला. पहिल्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट नाही म्हणून हडपसरहून रिक्षाने आलेल्या वडिलांना आम्ही तसेच परत पाठवले, दुसरीकडे देतात तो शेक दिला नाही आणि डॉ. कोटणीसांचा फोटो लावून लोकांना भुलवतो, असेही आपले म्हणणे आहे. रुग्णाची फाइल चारचौघांत उघडणे योग्य नाही. त्यामुळे आपण स्वतः जेवढे लिहिले आहे तेवढ्यापुरतेच मी बोलेन.

‘दहा सिटिंगमध्ये जातील’ हे वाक्य आमच्या काउंटरवरूनच गेले. मी चौकशी केली तेव्हा संबंधित सहकाऱ्यांनी ते मान्य केले. कंबरदुखीच्या रुग्णांना जे सांगायची सवय होती तेच त्यांनी आपल्यालाही सांगितले. त्यांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण केमोनंतरच्या त्रासाबाबत काय बोलू नये हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते आणि ते शिकवणे माझे काम होते. आता फोनवर फक्त वेळ आणि फी सांगितली जाते. अशा रुग्णांसाठी आगाऊ पॅकेजही बंद केले आहे: सहा सिटिंगनंतर फरक तपासायचा आणि तो नसेल तर थांबायचे.

खरे म्हणजे पहिल्याच भेटीत आपल्याला पुढील गोष्ट सांगायला हवी होती. ऑक्सॅलिप्लॅटिनमधले प्लॅटिनम पाठीच्या कण्याशेजारच्या संवेदी चेतापेशींमध्ये साठते आणि त्यांना इजा करते. ज्या चेतातंतूंची लांबी सर्वांत जास्त ते आधी बाधित होतात. म्हणून त्रास पायांच्या आणि हातांच्या बोटांपासून सुरू होतो. औषध चालू असताना फ्रिजमधली बाटली हातात धरली की झिणझिण्या येतात, त्या बहुधा काही दिवसांत ओसरतात; साठत गेलेली इजा मात्र निराळी. ती केमो संपल्यावरही दोन-तीन महिने वाढत राहू शकते, नंतर अनेकांची हळूहळू कमी होते आणि काहींची वर्षानुवर्षे राहते. याचा एक अर्थ आमच्या व्यवसायाला फारसा सोयीचा नाही: उतरणीच्या काळात आमच्याकडे आलेला रुग्ण आपोआपच बरा होत असतो आणि श्रेय सुईला मिळते. आमच्या भिंतीवर लावलेल्या ‘बरे वाटले’च्या चिठ्ठ्यांपैकी काही अशाच असणार, हे मी नाकारत नाही.

मग सुयांचा उपयोग काय? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग संस्थेतील ७५ रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन गट होते: खऱ्या सुया, खोट्या सुया (म्हणजे उपचाराचा नुसता देखावा) आणि फक्त नेहमीची देखभाल. आठ आठवड्यांनंतर खऱ्या सुयांच्या गटात वेदना नेहमीच्या देखभालीपेक्षा अधिक कमी झाल्या. पण खोट्या सुयांनीही काही प्रमाणात बरे वाटले. त्याआधी, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीत टॅक्सेन गटातील केमो चालू असलेल्या स्तनकर्करोगाच्या महिलांना हा त्रास होऊच नये म्हणून विजेच्या सौम्य प्रवाहासह सुया दिल्या. त्रास टळला तर नाहीच, उलट केमोनंतर वेदना ओसरण्यात तोच गट मागे राहिला. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली मार्गदर्शक सूचना अद्ययावत केल्या, तेव्हा वेदनादायक चेताविकारावर पुरेसा आधार असलेले औषध म्हणून एकट्या ड्युलोक्सेटीनचे नाव आले. अ‍ॅक्युपंक्चरबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. त्यामुळे माझे आजचे मत असे, की आग, ठणका आणि मोडणारी झोप यांसाठी सुया काही आठवडे करून पाहण्याजोग्या आहेत, मात्र मेलेली संवेदना परत आणण्याचे आश्वासन कोणी देऊ नये. वडिलांची झोप सुधारली आणि बधिरपणा तसाच राहिला, हे आपले निरीक्षण माझ्या अनुभवाशी जुळते. ड्युलोक्सेटीन वडिलांना चालेल का, हे त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा, असे आमच्याकडून सुचवले गेले नाही, हीदेखील आमची उणीव.

रिपोर्टच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. केमोमुळे प्लेटलेट कमी झाल्या असतील तर सुईच्या जागी रक्तस्राव होऊ शकतो आणि पांढऱ्या पेशी कमी असतील तर बारीकशी जखमही जंतुसंसर्गाला पुरते. ताजा आकडा पाहिल्याशिवाय आम्ही अशा रुग्णाला सुई लावत नाही आणि पुढेही लावणार नाही. चूक आहे ती फोनवर ‘रिपोर्ट घेऊन या’ एवढे न सांगण्याची, ज्यापायी वडिलांना रिक्षाचा हेलपाटा पडला. त्या दिवसाचे भाडे आम्ही देणे लागतो.

शेकाचेही तसेच. आपणच लिहिले आहे की पायातली चप्पल मागे राहून गेली तरी वडिलांच्या लक्षात येत नाही. ज्या पायाला चप्पल निसटलेली कळत नाही, त्याला चटका बसलेलाही कळणार नाही. मोक्साच्या, म्हणजे त्वचेजवळ जाळून शेक देतात त्या वाळलेल्या वनस्पतीच्या, धगीने भाजून फोड आला आणि तो चिघळला, तर मुंग्या परवडल्या असे म्हणायची वेळ येते. घरीही गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये, आंघोळीचे पाणी आधी दुसऱ्या कोणी हात घालून पाहावे आणि झोपण्यापूर्वी वडिलांचे तळवे आपण स्वतः उजेडात बघावेत.

फोटोबद्दल आपला आक्षेप मला विचार करायला लावणारा वाटला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून. त्याच पथकातले डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. आमच्या क्षेत्रात या दोघांची सरमिसळ सर्रास होते. फोटो आदरापोटी लावलेला आहे आणि तो राहील, पण खाली ही माहिती लिहिलेली पट्टी या आठवड्यात लागेल.

उरलेल्या तीन सिटिंगचे पैसे आणि त्या दिवसाचे रिक्षाभाडे, ज्या खात्यातून रक्कम आली होती त्याच खात्यात जमा करत आहोत. त्यासाठी वडिलांना किंवा आपल्याला केंद्रात येण्याची गरज नाही, आणि हा अभिप्राय बदलावा किंवा काढावा अशी आमची अपेक्षाही नाही. वडिलांचा तोल जात असेल, सदऱ्याची बटणे लावताना बोटे साथ देत नसतील किंवा बधिरपणा घोट्याच्या वर सरकत असेल, तर कर्करोगतज्ज्ञांना पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवावे.

आपला,
केंद्रचालक