सबब, आभार

परवा शुक्रवारी मी एका माणसाचे आभार मानायला गेलो आणि पोच घेऊन परत आलो. पोच म्हणजे खरोखरची पोच: रबरी शिक्का, तारीख, सही. आत्ता ती समोर टेबलावर पडली आहे. तिच्या कोपऱ्यात तुपाचा एक अंगठा उठलाय. अंगठा माझा नाही.

पतसंस्थेच्या वसुली विभागात वीस वर्षं काढल्यावर त्रेचाळिसाव्या वर्षी मला वकील व्हायची उबळ आली. तीन वर्षांच्या एलएलबीला बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे बारा आठवड्यांची इंटर्नशिप लागते. सलग चार आठवड्यांच्या वर करता येत नाही. म्हणून साठवलेली रजा मोडली आणि चार आठवडे एका दिवाणी वकीलसाहेबांच्या मागे सावलीसारखा फिरलो. साहेब चौतीस वर्षांचे. सावली त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी.

दुपारी बारा वाजता सावली पायाखाली येते, तसा मीही यायचो. पुकारा झाला की साहेब गर्रकन वळायचे आणि मी नेमका मागे. तीनदा माझ्या बुटावर त्यांचा बूट पडला. तिन्ही वेळा सॉरी मीच म्हणालो.

पण माणूस खरंच शिकवणारा, हे कबूल केलं पाहिजे. एकदा एक म्हातारी सातबारा घेऊन आली होती. भावांची नावं कब्जेदार म्हणून, आणि हिचं नाव ‘इतर अधिकार’च्या रकान्यात ढकललेलं. मुलींना समान हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, केंद्राची २००५ साली, हे सगळं साहेब तिला ऐकवू शकले असते. मी असतो तर ऐकवलंच असतं, नुकतंच पाठ केलं होतं. साहेब तिच्याशेजारी जिन्याच्या पायरीवर बसले, तिचं बोट धरलं, त्या रकान्यातल्या तिच्या नावावर टेकवलं आणि म्हणाले, “हे तुम्ही. आता तुम्हाला इथून उचलून तिकडं न्यायचंय.” म्हातारीने बोट बराच वेळ तिथून काढलं नाही.

तर या माणसाचे आभार मानायचे होते. आता मराठीत आभार मानायचे कसे? ‘धन्यवाद’ म्हटलं की पुढे ‘गाडी क्रमांक’ ऐकू येतं. ‘मी आपला आभारी आहे’ म्हणायला समोर माईक आणि बाजूला समई लागते. थँक्यू आपण रिक्षावाल्याला म्हणतो, तेही सुट्टे परत दिले तर. वाकून नमस्कार करावा, तर नऊ वर्षांनी लहान माणसापुढे वाकताना पाठ आधी वयाचा दाखला मागते. शिवाय सभा-समारंभांतून आपण ऐकत आलोच आहोत, की ‘आभार मानून मला त्यांच्या ऋणातून मुक्त व्हायचं नाही’. वसुली विभागात ही भाषा मी रोज ऐकतो. ऋणातून मुक्त व्हायची कुणालाच घाई नसते.

शेवटी एक पानी पत्र लिहिलं आणि अर्धा किलो कंदी पेढे घेतले. पेढ्यांना कायद्याचा आधारही सापडला. करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मोबदल्याशिवाय करार रद्दबातल ठरतो. पण कुणी आपल्यासाठी आपणहून आधीच काही केलं असेल, तर त्याची भरपाई करायचं वचन चालतं. कायदा १८७२ चा. पेढ्याच्या पुड्याची सोय इंग्रज तेव्हाच करून गेले होते.

त्यांना अण्णा ठाऊक नव्हते, एवढंच.

अण्णा म्हणजे साहेबांचे कारकून. वय अठ्ठावन्न, आणि ते मला काका म्हणतात.

“या काका. मॅटर कुठली?”

“अण्णा, मी इंटर्न. चार आठवडे इथंच होतो की.”

“ते माहितेय. मॅटर कुठली?”

“मॅटर नाही. साहेबांचे आभार मानायचेत.”

अण्णांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. “कुणाच्या वतीनं?”

“माझ्याच.”

“म्हणजे जातीनं हजर,” असं पुटपुटत त्यांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं. अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. पान एकच होतं. मागची कोरी बाजूही त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली.

“महोदय, ठीक. विषय, ठीक. मागणी कुठाय?”

“मागणी नाही काही.”

“मग अर्ज कशाला केलात?”

“अर्ज नाही हो, पत्र आहे.”

“असू दे. आणि सबब कुठाय?”

“कसली सबब?”

“शेवटच्या कलमात सबब लागते. ‘सबब विनंती की’. त्याशिवाय वाचणाऱ्याला कळायचं कसं, की आता संपत आलं?”

हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. सत्कार समारंभातल्या भाषणांना सबबीची सक्ती केली, तर निम्मा महाराष्ट्र वेळेवर जेवेल. पण त्या क्षणी माझं डोकं तापलं होतं. मी काही बोलायच्या आत अण्णांनी निळं पेन काढलं आणि माझ्या सुवाच्य अक्षराखाली लिहिलं: ‘सबब, आभार मान्य होऊन मिळावेत व इतरही योग्य ते हुकूम अर्जदाराचे लाभात व्हावेत.’ मग पत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “करा सही.”

आणि मी केली. का केली, ते मला अजून कळलेलं नाही.

“ओसी?”

“आता ओसी कशाला?”

“ऑफिस कॉपीशिवाय मी काही घेत नाही. उद्या म्हणाल, आभार दिले होते.”

कोपऱ्यावरून झेरॉक्स आणली. या चेंबरच्या किती झेरॉक्स मी माझ्या पैशांनी काढल्या असतील! त्याचंही काही नाही, मला पगार आहे. माझ्याबरोबर खेड्यातून आलेली एक बावीस वर्षांची पोरगी होती. खोलीचं भाडं, मेस, बस असं सगळं पदरचं घालून ती रोज दहाला हजर असायची आणि संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून उभी. बसायला खुर्ची नाही, आणि महिन्याभरात तिला कुणी नावाने हाक मारली नाही. ‘ए इंटर्न’ हेच तिचं नाव. शिकायला मिळतंय ना, मग अजून काय पाहिजे, असं सगळे म्हणतात. असं म्हणणारे बसलेले असतात.

परत आलो तर पुडा उघडलेला. अण्णा बाकावरच्या पक्षकारांना पेढे वाटत होते. टोपीवाल्या एका आजोबांनी पेढा कपाळाला लावला.

“लागला का निकाल?”

“निकाल नव्हं. ह्यांचं आभाराचं आहे,” अण्णा म्हणाले.

आजोबांनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. “किती वर्षं चाललंय?”

“चार आठवडे.”

“मग नवीनच म्हणायचं.” त्यांच्या बांधाच्या दाव्याला अकरावं वर्ष होतं. पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये लिहिलंय, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी दुसरा पेढा घेतला.

साडेसहाला साहेब आले, कानाला फोन. पुड्यात चार पेढे होते, त्यातला एक उचलून तोंडात टाकला. मग माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, ‘सर’ म्हणालो आणि चार दिवस पाठ केलेलं वाक्य घशापर्यंत आणलं. साहेबांनी फोनवर तळहात ठेवला.

“अण्णा, यांचं काय आहे?”

महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. माझा तिसऱ्यांदा आला.

“आभार आहेत, साहेब.”

“बरं. सोमवारी ठेवा.” आणि साहेब आत गेले.

माझं पत्र तोवर भोकं पाडून, हिरवी दोरी ओवून फाइलला लागलं होतं. अण्णांनी ओसीवर शिक्का उठवला, त्याखाली दोन ओळी खरडल्या आणि ती माझ्या हातात दिली. वर, “काका, सोमवारी अकराला या, पुकारा लवकर होतो,” असंही म्हणाले. माझी रजा संपली होती. मी काही बोललो नाही.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्यावर ओसी उघडून वाचली. शिक्क्याखाली अण्णांच्या वळणदार अक्षरात होतं:

‘प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही.’