रोज तीन अध्याय, रविवारी पाच

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत येत्या रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. (गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं.) चार वर्षांपासून आम्ही काहीजण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत, दरवर्षी एकदा, मोठ्यानं आणि एकत्र वाचतो. ते चालू ठेवायचं, की त्याऐवजी रोज सकाळी प्रत्येकाच्या फोनवर एक निवडक वचन सुंदर चित्रासह पाठवायचं, हे बैठकीत ठरायचं आहे. मी स्कॉटलंडमध्ये, डंडीत राहते. बैठकीत मला मत नाही आणि ते योग्यच आहे. पण रोजच्या वाचनाला मी बसते, म्हणून मला जे वाटतं ते लिहिते आहे.

आमचा हिशोब सोपा आहे. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की आठवड्याला तेवीस होतात आणि बावन्न आठवड्यांत सगळं वाचून होतं. नगरला रात्रीची जेवणं आटोपून साडेनऊला सगळे फोन लावतात. तेव्हा इथे हिवाळ्यात दुपारचे चार वाजलेले असतात आणि खिडकीबाहेर दिवे लागायला सुरुवात झालेली असते. नगर, पुणे, वसई, दुबई आणि मी, अशी दहा-बारा माणसं. कोणी कधी गैरहजर राहतं, पण वाचन थांबत नाही.

या वाचनाचं एक मूळ मी राहते त्याच गावात आहे, हे मला इथे आल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर सेंट पीटर्स चर्च आहे. तिथे रॉबर्ट मरी मकशेन नावाचा तरुण पाळक होता. १८४२च्या अखेरीस त्यानं आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा वाचनाचा तक्ता आखला. रोज चार अध्याय, दोन कुटुंबात बसून आणि दोन एकांतात. वर्षाअखेरीस जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा वाचून व्हावीत, असा बेत. तक्त्यासोबत त्यानं फायदे लिहिले, पण त्याआधी धोके लिहिले. वाचन नुसता रिवाज होईल, वाचणाऱ्याला आपण फार धार्मिक झालो असं वाटू लागेल, डोळे ओळींवरून नुसते फिरतील, आणि काहींना हे जड जोखड वाटेल. बैठकीत आपले तरुण जे आक्षेप घेणार आहेत, त्यांतले निम्मे त्यानं पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच मांडून ठेवले आहेत. तरीही त्यानं तक्ता वाटला. त्याच्या मते मोठा लाभ हा की आज आपला भाऊ, आपली बहीण कुठेही असली तरी हेच पान वाचते आहे, हे मनात राहतं.

२५ मार्च १८४३ला तो टायफसनं गेला. वय एकोणतीस. आखलेल्या वर्षातले पुरते तीन महिनेही त्याच्या वाट्याला आले नाहीत. त्या दिवशीच्या चार अध्यायांत योहान १५ आहे, ‘मी द्राक्षवेल आहे, तुम्ही फाटे आहा’ हा अध्याय. चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस होता. छत्री धरून तिथेच फोनवर तो अध्याय काढला आणि मराठीत मोठ्यानं वाचला. त्याच १८४२ साली आपल्या नगरमध्ये ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती मराठी नियतकालिक सुरू झालं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण तिथे उभी असताना मला ते आठवलं.

आता घरच्या वादाकडे येते. सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा असा, की जुन्या करारातली लेवीय आणि गणना ही पुस्तकं कळतात कोणाला? होमबली, अन्नबली, महारोगाचे नियम, वंशांच्या शिरगणत्या. माणसं तिथेच गळतात, मग स्तोत्रं आणि येशूच्या जीवनाची शुभवर्तमानं वाचा की. एकट्यानं वाचणारी माणसं तिथे गळतात हे खरं आहे. मी स्वतः तीनदा गळले आहे. मागच्या वर्षी गणनाचा सातवा अध्याय आला. एकोणनव्वद वचनं. बारा दिवस बारा वंशांचे बारा सरदार वेदीच्या समर्पणासाठी अर्पणं आणतात, आणि प्रत्येकाचं अर्पण अगदी तेच: एकशेतीस शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) वजनाचं चांदीचं ताट, सत्तर शेकेलांचा चांदीचा कटोरा, धुपानं भरलेलं दहा शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र, मग तेच बैल, तेच मेंढे. बारा वेळा. आम्ही एकेक सरदार वाटून घेतला. पाचव्या-सहाव्याला एका मुलानं विचारलं, ‘बाकीच्यांचंही सेम’ असं म्हटलं तर नाही का चालणार?

तेव्हा माझी आत्या बोलली. ती खेडेगावच्या मंडळ्यांत चाळीस वर्षं महिला मंडळाचं काम करत आली. ती म्हणाली, “सुगीच्या सणाला वर्गणीची यादी वाचतात तेव्हा तू बसला होतास ना? दहा रुपये देणाऱ्या म्हातारीचं नाव गाळून ‘आणि इतर’ म्हटलं तर तिला कसं वाटेल? देवानं बाराही जणांची नावं घेतली. एकालाही ‘इतर’मध्ये टाकलं नाही.” मग तिनं चष्मा वर सरकवला आणि आशेराच्या सरदाराचं अर्पण पहिल्या ताटापासून शेवटच्या कोकरापर्यंत सावकाश वाचलं. माझ्या आयुष्यात मी या अध्यायावर एकही प्रवचन ऐकलेलं नव्हतं. निवडक वचनांच्या यादीत तो कधी येणार नाही, आणि आला असता तरी आत्याचं बोलणं त्याच्यासोबत आलं नसतं.

दुसरा मुद्दा लहान मुलांपुढे काय वाचावं हा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. जुन्या करारातल्या ‘शास्ते’चा १९वा अध्याय आम्ही मुलं झोपल्यावर वाचला. त्यातल्या बाईवर जो अत्याचार होतो तो वाचवत नाही आणि तिचं नावही दिलेलं नाही. त्या रात्री वाचन संपल्यावर कोणी फोन ठेवेना. मग आमच्यातल्या एकीनं स्वतःच्या घरातल्या मारहाणीबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं. शास्त्रात असंही लिहिलेलं आहे हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिला वाटायचं की आपलं दुःख देवापुढे मांडण्यासारखं नाही. हे मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. एवढ्या एका रात्रीसाठीसुद्धा मी पुढची दहा वर्षं लेवीय वाचायला तयार आहे.

भाषांतराचा वाद तर आमच्या घरातच आहे. आत्या जुनं सोडत नाही, तरुणांना सोपी मराठी हवी. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ वाचलं तेव्हा मराठी शाळेत चौथीत असलेल्या मुलानं विचारलं, “उणे म्हणजे वजाबाकी ना?” आत्या म्हणाली, “हो, देव तुझ्यातून काही वजा होऊ देणार नाही.” शब्द जुना होता म्हणून प्रश्न आला आणि प्रश्न आला म्हणून ते वचन त्या मुलाचं झालं. पण याचा अर्थ सोपं नको असा मी काढत नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची जवळजवळ अठरा वर्षं यातच घातली. त्यांचे आईवडील गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराणं मोठ्यानं वाचून पोट भरत. त्यांची ही मुलगी मोठी होऊन हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि केडगावला मुक्ती या आपल्या आश्रमात बसून तिनं सगळं शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ला आलं, आणि त्याची जुळणी-छपाईही मुक्तीतल्या बायकांनीच केली. कीर्तनकारासमोर बसून ऐकणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर असणार असं मला वाटतं. आमच्या वाचनात वसईची कॅथलिक मैत्रीण आहे, ती दुबईत परिचारिका आहे आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’मधून वाचते. तिच्या बायबलमध्ये पुस्तकंही ७३. आम्ही ठरवून टाकलं आहे की ज्याच्या हातात जे आहे त्यानं ते वाचावं. दोन शब्द वेगळे पडले की ओळ दोनदा ऐकायला मिळते. ती जास्तीची सात पुस्तकं ती स्वतंत्र वाचते, आणि गेल्या वर्षी त्यातल्या ‘तोबीत’ या पुस्तकाच्या वेळी आम्ही तिघी-चौघी तिच्याबरोबर बसलो.

आणखी एक मुद्दा आहे, तो हळू आवाजात बोलला जातो. घरात संध्याकाळी दहा माणसं पुस्तकं उघडून बसली की शेजारी विचारतात काय चाललंय. धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा सुरू झाल्यापासून काही घरांनी दारं लावून घेतली, काहींनी बसणंच सोडलं. फोनवर गुपचूप वचन आलं की कोणाला काही कळत नाही. या बाबतीत इथे सुरक्षित बसून कोणाला धीर धरा म्हणायचा अधिकार मला नाही, आणि मी म्हणणार नाही. फक्त आत्याच्या वाड्यातली एक गोष्ट सांगते. शेजारच्या काकू वारकरी. दर श्रावणात त्यांच्याकडे ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. त्यांनी एकदा विचारलं, रोज रात्री काय वाचता हो? आत्या म्हणाली, “आमचं पारायण चालू आहे, वर्षभराचं.” त्या दिवसापासून साडेनऊ वाजले की काकूंच्या टीव्हीचा आवाज कमी होतो. आमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांना ‘पारायण’ हा शब्द खटकला, तो आपला नाही म्हणाले. ज्या नगरमध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, त्या नगरमध्ये हा शब्द परका कसा? काकूंना तो एका क्षणात कळला, आणि आम्ही काय करतो हे त्यांना दुसऱ्या कोणत्याही शब्दानं इतकं नीट कळलं नसतं.

मला उत्तर मिळतं, तुमच्याकडे तर चर्च ओस पडली आहेत, तुम्ही काय सांगता? खरं आहे. १९५०च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडचे तेरा लाखांच्या आसपास सभासद होते, आता तीन लाखांहून कमी आहेत. २०२२च्या जनगणनेत इथल्या ५१ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नाही असं सांगितलं. चर्चच्या इमारती विकल्या जात आहेत, काहींची राहती घरं झाली आहेत. याची कारणं पुष्कळ आहेत आणि वाचन थांबलं म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. पण माझ्याबरोबर काम करणारी एक बाई, आता साठीची, तिनं मला तिच्या आजोबांचं बायबल दाखवलं. काळ्या कातडी बांधणीचं, पानांच्या कडा बोटांनी मऊ झालेल्या, पण फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात. आजोबा रोज संध्याकाळी चहानंतर सगळ्यांना बसवून एक अध्याय वाचत. तिच्या वडिलांनी ते ठेवलं, पण वाचायचं सोडलं. चर्चला मात्र ते आणखी वीस वर्षं जात राहिले. ती म्हणाली, आमच्याकडे आधी स्वयंपाकघरातलं वाचन गेलं, मग रविवार गेला, आणि कोणी ठरवून काही केलं नव्हतं. तिनं ते पुस्तक माझ्या हातात दिलं आणि विचारलं, तू अजून वाचतेस म्हणे, कुणाबरोबर?

मी सांगितलं, आत्याबरोबर.

तिला वाटलं आत्या इथेच कुठेतरी असेल.

जुन्या करारातल्या नहेम्याच्या आठव्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहूदी लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, पुरुष, स्त्रिया आणि ऐकून समजू शकणारे सगळे उभे असतात, आणि लेवी वंशातले सेवक जमलेल्यांना अर्थ समजावून देतात. लोक रडू लागतात. तिथे कोणी निवडक वचन वाटलं नव्हतं. समजत नाही म्हणून वाचन तोडलंही नव्हतं, समजावणारे वाढवले होते. आपल्या तरुण संघातल्या मुलांना मी हेच मागते आहे. वचनाची चित्रं करायचा उत्साह ज्यांच्याकडे आहे, त्यांनी रात्री वीस मिनिटं आत्याशेजारी बसावं. ‘एफोद’ म्हणजे काय, ‘एफा’ म्हणजे किती, हे आधी शोधून ठेवावं आणि वाचताना सांगावं. सकाळी वचनही पाठवा, माझी काहीच हरकत नाही. आदल्या रात्रीच्या तीन अध्यायांतलंच पाठवा.

आत्याची नजर आता अधू झाली आहे. गेल्या महिन्यापासून ती बोट ठेवून वाचते, दोन ओळी पुन्हा वाचल्या जातात, आणि कोणी तिला थांबवत नाही. सोमवारच्या तीन अध्यायांत लेवीय १९ आहे. कापणी करताना शेताच्या कडा गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी सोडून द्या, तुमच्यात राहणाऱ्या परदेशीयाला तुमच्यात जन्मलेल्यासारखं वागवा, आणि मधल्या अठराव्या वचनात ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’. प्रभू येशूनं सांगितलेली दुसरी मोठी आज्ञा याच पुस्तकातून उचलली आहे. बैठकीत रविवारी काहीही ठरो, सोमवारी तो अध्याय वाचायची पाळी आत्याची आहे, आणि तिनं मला आत्तापासून बजावून ठेवलं आहे की चार वाजता कामावरून सुटून ये, उशीर करू नकोस.