ग्रेट डेन घ्यायचाय? मग त्याला उचलणार कोण?

पुतण्याला ग्रेट डेन जातीचं कुत्रं पाहिजे. बारावी झाली, कॉलेजला लागला आणि महिनाभर घरात हा एकच विषय चाललाय. मोबाइलवर पिल्लाचे फोटो दाखवतो आणि म्हणतो, "काका, तुम्ही बाबांना सांगा की." भावाचं घर कोल्हापुरात राजारामपुरीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

मी नको म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "बाळा, याला उचलणार कोण?"

आमचा राजा जर्मन शेफर्ड होता, 38 किलोचा. दहाव्या वर्षी त्याच्या मागच्या पायातली ताकद गेली. खुब्याच्या सांध्याचा हा त्रास या जातीत पिढीजात येतो. शेवटचे चार महिने जाड टॉवेलची झोळी त्याच्या पोटाखाली घालून मी आणि बायको त्याला दिवसातनं चार वेळा अंगणात न्यायचो. घर तळमजल्यावर होतं म्हणून जमलं. एकदा उंबऱ्यातच त्याची लघवी झाली. त्यानं मान फिरवली, बराच वेळ माझ्याकडं बघेना. ते आठवलं की अजून घास उतरत नाही.

त्याच्या आधी 2019 चा पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत बोट आली. माणसं बसली, राजा काही केल्या बोटीत पाय ठेवेना. गल्लीतल्या तालमीच्या दोन पोरांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याला खालनं हात घालून वर घेतला. त्या पोरांचे उपकार मी विसरणार नाही. पण तो 38 किलोचा होता. ग्रेट डेनचा नर 55 ते 80 किलो भरतो.

आणि या कुत्र्याला बोटीपेक्षा मोठा धोका पोटाचा असतो. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींत पोट फुगून जठराला पीळ पडतो. कुत्रं ओकायला बघतं, बाहेर काहीच पडत नाही. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर ते जातं. रात्री दोनला तीन जिने उतरून 70 किलोचं तडफडणारं जनावर गाडीत घालायचं आहे, हे डोळ्यांसमोर आणा. मगच पिल्लाच्या फोटोकडं बघा.

खाण्याचंही सांगतो. पिल्लू मोठ्या जातीचं म्हणून लोक कौतुकानं कॅल्शियमचं औषध पाजतात. कृपा करून असं करू नका. त्या वयात जादा कॅल्शियम शरीराला आवरत नाही आणि हाडं वाकडी वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं वेगळं मिळतं, ते द्या, आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एवढं सगळं केलं तरी ग्रेट डेनचं आयुष्य साधारण 8 ते 10 वर्षं.

सेंट बर्नार्डबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. आल्प्समधल्या बर्फाच्या घाटातलं कुत्रं ते. त्याला कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये आणून एसीच्या जिवावर जगवणं मला बघवत नाही.

"मग मुधोळ?" पुतण्यानं विचारलं. मला बरं वाटलं. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ आपल्याला परकं नाही. तिथल्या कुत्र्याच्या अंगावर आखूड केस, वजन 25 किलोच्या आसपास, आपलं ऊन सोसणारं. 2005 साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं होतं. पण ते शिकारी कुत्रं, धावण्यासाठीच घडलेलं. गच्चीत साखळीला बांधून ठेवायचं असेल तर तेही आणू नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

भावाशी अजून बोललो नाही. पुतण्याला म्हटलं, निर्णय होईपर्यंत रोज पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर ये, कुत्र्याला फिरवायची वेळ तीच. आज सहावा दिवस. पावसातसुद्धा आला होता.