नकाशांच्या कडा कापणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय, तेव्हा पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाची कसलीशी वर्षपूर्ती आहे, म्हणून तिथे 'हेरिटेज भिंत' होणार आहे. सकाळी पेपर चाळायला गेलो तर मधल्या टेबलावर सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंची (एका मैलाला एक इंच) नकाशे पसरलेले आणि फ्रेमवाल्याचा पोरगा पट्टी लावून कटरने त्यांच्या कडा उतरवतोय. का, तर फ्रेमा रेडिमेड आणल्यात आणि नकाशे त्यात मावत नाहीत! फरशीवर पट्ट्यांचा ढीग पडलेला. एक उचलून पाहिली. शीट क्रमांक, मोजणी कधी झाली, छपाई कधी झाली, खुणांचा तक्ता, शेजारचं शीट कुठलं, सगळं तिच्यावर. म्हणजे जन्मदाखला कचऱ्यात आणि बाळ भिंतीवर.

बोललो, तर एक पदाधिकारी म्हणाले, "अहो, मधलं चित्र तर शाबूत आहे ना?"

चित्र नाही हो ते.

माझ्या आईचं माहेर पळसदेव. जुनं पळसदेव, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. धरण भरलं तशी माणसं वर नव्या गावठाणात आली आणि मागे राहिलेलं पळसनाथाचं देऊळ पाणी फार उतरलं की डोकं वर काढतं. तेव्हा टीव्हीवाले ड्रोन घेऊन पळतात. आईला त्या बातम्या आवडत नाहीत. "देवळाचंच काय दाखवतात सारखं," म्हणते.

तिला याच वाचनालयात आणलं होतं. तेव्हाचे ग्रंथपाल वेगळे होते. त्यांनी खालच्या रुंद खणातून ४७ जे (आमच्या भागाच्या नकाशांचा क्रमांक) मधलं शीट आडवं, दोन्ही हातांवर तोलून काढलं. चहा बाहेर ठेवायला लावला. मग आईला म्हणाले, "वहिनी, बांगड्या जरा वर सारा, कागद ओरखडतो." आईनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि भीमेच्या काठाकाठानं बोट नेलं, कागदाला न टेकवता. देऊळ सापडलं. पण ती थांबली ती एका तुटक रेघेपाशी. पायवाट. "ही बघ, हितनं आम्ही धुणं घेऊन जायचो." धरणाच्या आधीची मोजणी होती ती. वर्षाचा आकडा कुठे होता? नकाशाच्या कडेला. तसल्याच कडा आज कापत होते!

आणि हा तालुका कुठला? इंदापूर. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मोजणीवर आधारलेली जमाबंदी, म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, पहिल्यांदा याच तालुक्यात लागू झाली आणि पुढे मुंबई इलाखाभर तोच नमुना गेला. इथल्या माणसांनी नकाशाला कात्री लावावी?

मान्य, अनुदान तुटपुंजं आहे आणि तेही वेळेवर येत नाही, कर्मचाऱ्यांचे पगार सांगायची लाज वाटते. नकाशांसाठी पोलादी कपाट आणायचं म्हटलं तर बजेट तिथेच संपेल. पण कटर चालवू नका, याला किती पैसे लागतात? नकाशा आडवा ठेवा, घड्या घालू नका. लॅमिनेशन तर नकोच, एकदा केलं की कागद सुटत नाही. फाटला तर सेलोटेप नको, काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा डाग सोडतो. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने सांधणारे लोक आहेत, त्यांना विचारा. आणि भिंतीवर लावायचाच असेल तर स्कॅन करून प्रिंट लावा की! पश्चिमेच्या खिडकीसमोर अस्सल कागद टांगून त्याची शाई उडवण्यात कसलं हेरिटेज?

एक नोंदवही ठेवा. शीट क्रमांक, स्केल, मोजणीचं साल वेगळं, छपाईचं वेगळं, कुठून आला, अवस्था काय. नोंद नसलेला नकाशा असून नसल्यासारखा, कारण मागणार कोण? न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१४ मध्ये २०,००० हून जास्त नकाशे इंटरनेटवर फुकट दिले. हो, त्यांच्याकडे पैसा आहे. पण आधी त्यांच्याकडे यादी होती.

"नकाशे म्हणजे परवानगीची भानगड," हेही ऐकवलं गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने नकाशांचे नियम बरेच सैल केलेत, आणि वाचनालयातला जुना छापील कागद वाचकाला दाखवायला कुणाची परवानगी हवीय?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या पोराचा काय दोष, त्याला माप दिलं, त्यानं कापलं. उलट मी ओरडल्यावर तोच पहिला थांबला आणि पट्ट्या गोळा करून माझ्या हातात दिल्या. आईला अजून सांगितलेलं नाही. ४७ जे च्या त्या शीटची पाळी आली होती की नाही, तेही नीट पाहता आलं नाही, कारण तोवर मला बाहेर काढलं होतं.

पट्ट्या माझ्याकडे आहेत. कुठली कुठल्या नकाशाची, हे जुळवायचंय. उद्या अकरा वाजता अध्यक्षांना भेटायला जातोय, नकाशे फ्रेममधून काढून परत खणात ठेवा एवढंच मागणार आहे. कोण कोण येतंय ते खाली लिहा. येताना मऊ पेन्सिल आणि बटर पेपर आणा. सेलोटेप आणाल तर दारातून परत पाठवीन.