आधी सही, मंग सभा

आज 26 जानेवारी. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, मग ग्रामसभा. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, त्यावर प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहायची वही, आणि येईल त्याला एकच सांगणं, "आधी सही, मंग बसा." पान कोरं. विषय नाही, ठराव नाही, खाली नुसती सह्यांची रांग. एका म्हाताऱ्यानं सही केली न् विचारलं, "वित्त आयोगाचे पैसे कायले लागले?" उत्तर आलं, "बाबाजी, तुमच्या घरकुलाचा हप्ता बाकी हाय नं? बसा मंग."

म्हातारा बसला.

देशात हुकूमशाही येते का नाही, यावर आपण रात्री बारापर्यंत भांडतो. अरे, व्हरांड्यात या नं!

कोऱ्या पानावरच्या सहीनं काय होतं ते समजून घ्या. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. सह्या जमल्या की कोरम भरला. मग फेब्रुवारीत कधीतरी वरच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉकचा ठराव उतरतो, "सर्वानुमते" म्हणून. म्हणून हजेरीची सही हजेरीच्या वहीतच करा. ठराव सूचक-अनुमोदकासकट लिहून, वाचून झाला की शेवटच्या ओळीला चिकटून सही, मधल्या रिकाम्या जागेवर आडवी रेघ, आणि मोबाइलवर फोटो. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला कोरम लागत नाही, त्या दिवशी तर नक्की जा. खरा खेळ तेव्हाच होतो.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवरही सापडतं. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी साइटवर जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडलं की खर्चाचे व्हाउचर दिसतात. केंद्राकडून गावाला येणारा 15 व्या वित्त आयोगाचा पैसा 2025-26 पर्यंत 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, 40 टक्के मोकळा. बांधलेल्या पैशातून पेव्हर ब्लॉक बसले असतील तर चोर तिथंच दिसतो. नाहीच दिसलं तर माहिती अधिकाराचा अर्ज: जोडपत्र 'अ', 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवस वाट, मग पहिलं अपील. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, अर्ज तिथंच मरतो. एकच विषय, वर्ष आणि व्हाउचर नंबर टाका. तरी "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार येऊ शकतो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं ती पळवाट आणखी रुंद केली.

आणि वर कोणाला विचाराल? यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक आला. सुप्रीम कोर्टानं 6 मे 2025 ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं. ते चार महिने केव्हाच उलटले. ओबीसी आरक्षणाचा पेच होता, मान्य. पण वित्त आयोगाची अटच आहे, निवडून आलेली बॉडी नाही तर निधी नाही. म्हणजे मतही गेलं न् पैसाही!

पैशाचं तर बोलूच नये. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावर 9.32 लाख कोटींचं कर्ज दाखवलंय. लाडक्या बहिणीच्या 1500 नं घराघरात बाईच्या हाती चार पैसे आले, हे नाकारत नाही. पण त्याच घरातला कापूस पाहा. 19 ऑगस्ट 2025 ला आयातीवरचं 11 टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला वेचा चालू असताना. गिरण्याही अडचणीत होत्या, बरं. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 होता, तोही अॅपवर नोंदणी असेल तर. खरेदी केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की टक्क्यामागे टक्का कपात, 12 च्या वर गाडी परत. सकाळच्या दवातला वेचा थेट गाडीत भराल तर क्विंटलमागे तीन-सव्वातीनशे तिथंच गेले. दोन दिवस ऊन द्या.

यातलं एक तरी आपल्या ग्रामसभेत कोणी विचारलं का? ग्रामसभेतून कापसाचं शुल्क बदलत नाही, मलाही समजते. पण जिथं घरकुलाच्या हप्त्याच्या धाकानं माणूस गप बसतो, तिथं शुल्काचं कोण विचारणार?

चिडून लिहितोय, पण त्या टेबलामागचा माणूसही आपल्याच गावचा आहे. त्यालाही वरून कोणीतरी "बस" म्हटलंच असेल.

सभा उठायच्या आधी म्हातारा पुन्हा टेबलापाशी गेला. "मंग माही सही खोडून दे," म्हणे. पेन कोणी दिला नाही. पान तेव्हाही कोरंच होतं.