एडीएचडीच्या गोळ्यांनी मेंदूतलं डोपामिन ‘संपत’ नाही

‘एडीएचडीची गोळी म्हणजे मुलांना दिलेलं ड्रग, ती मेंदूतलं डोपामिन संपवते आणि मेंदू कायमचा जळतो’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो वाचून कुणी मुलाची गोळी परस्पर बंद करू नये, म्हणून हा खुलासा. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता असा विकार; डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन.

भारतात या आजारासाठी दिलं जाणारं उत्तेजक औषध मुख्यतः मिथाइलफेनिडेट. पेशीबाहेर आलेलं डोपामिन पुन्हा आत ओढून घेणारी वाहक प्रथिनं असतात. हे औषध त्यांना अडवतं, त्यामुळे डोपामिन जास्त वेळ बाहेर राहतं. साठा रिकामा होत नाही. कोकेनही याच प्रथिनांवर काम करतं, हे खरं आहे. फरक वेगाचा आहे: तोंडाने घेतलेल्या गोळीचा परिणाम तासा-दीड तासात हळूहळू चढतो, आणि नशेला लागतो तो काही मिनिटांतला उसळता वेग. म्हणूनच हीच गोळी चुरून नाकाने ओढणं धोक्याचं.

दीर्घकाळाचं काय? मेंदूतील इजेचे ठळक पुरावे आहेत ते मेथॅम्फेटामाइन या तीव्र उत्तेजक ड्रगच्या नशेचे आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचे. उपचाराच्या मात्रेत माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. मात्र मेंदू जुळवून घेतो: 2013 च्या एका छोट्या अभ्यासात वर्षभराच्या उपचारानंतर प्रौढांत ही वाहक प्रथिनं सुमारे 24 टक्क्यांनी वाढलेली दिसली. याला इजा म्हणता येत नाही, पण दुर्लक्षही करू नये.

भूक आणि झोप कमी होणं, नाडी व रक्तदाब किंचित वाढणं हे परिणाम खरे आहेत. उंची, वजन, रक्तदाब डॉक्टरांकडून नियमित तपासून घ्या.