‘आदर्श कर्मचारी’वाला मेसेज: तापात कामावर जाणं हा गुण नव्हे

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसातला माझी भाची डबा भरून, बूट घालून दारात उभी होती. डोळे लाल, ओठ सुकलेले. तिच्या मामीनं हात धरून बसवलं आणि थर्मामीटर लावला. 102. डांगे चौकातून कंपनीची बस पकडून ही मुलगी हिंजवडीला निघाली होती. मी रागावलो, तर म्हणाली, “मामा, प्रोबेशन चालू आहे. बाबांनी पाठवलेला मेसेज तू वाचलास ना? पहिल्या वर्षी सुट्टी घेतली की कायमचं नाव खराब होतं.”

मेसेज मी वाचला होता. आमच्या दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यानंतर तोच मला सोसायटीच्या ग्रुपवर दिसला आणि जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवरही. वर जपानचा झेंडा, खाली ‘आपल्या मुलांना जरूर पाठवा’, आणि मधे ‘प्रत्येक मालकाला हवासा वाटणारा कर्मचारी’ याची दहा लक्षणं. साहेबांच्या आधी यावं, साहेब गेल्यावर निघावं. सुट्टी मागू नये. कामाला ‘नाही’ म्हणू नये. अडचण घेऊन वर जाऊ नये. पगाराचा विषय काढू नये. नोकरी बदलू नये. घरचं घरी ठेवावं. फोन रात्रीही उचलावा. आठवड्याला सत्तर तास द्यावेत. आणि शेवटचं, जपानी कामगार कधी संप करत नाही, निषेध करायचा झाला तर काळी फीत लावून दुप्पट माल काढतो.

दाजींनी तो मुलीच्या काळजीपोटी पाठवला, हे मला ठाऊक आहे. ते शिक्षक होते, कारखाना किंवा आयटी त्यांनी आतून पाहिलेलं नाही. मी 31 वर्षं भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत क्वालिटीमध्ये काढली. माणसं घेतली, त्यांचे कन्फर्मेशनचे फॉर्म भरले, अप्रेझलला तासन्‌तास बसलो. कोण गेल्यावर खातं अडतं आणि कोण गेल्यावर कुणाला कळतही नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून लिहितो आहे.

आधी जपान, कारण सगळा मेसेज त्याच झेंड्याखाली उभा आहे. जपानी कामगार संप करत नाही, हे धादांत खोटं आहे. 1960 मध्ये मिइके इथल्या कोळसा खाणीतला संप कित्येक महिने चालला. जपानच्या कामगार इतिहासातल्या सगळ्यांत मोठ्या लढ्यांत तो गणला जातो. 1975 मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेच्या कामगारांनी संपाचा हक्क मिळावा म्हणून आठ दिवस गाड्या बंद ठेवल्या. फार जुनं वाटत असेल तर 31 ऑगस्ट 2023 ला टोकियोच्या इकेबुकुरो भागातलं मोठं डिपार्टमेंट स्टोअर तिथल्या कर्मचाऱ्यांनी दिवसभर बंद ठेवलं होतं. काळी फीत लावून दुप्पट माल काढण्याची गोष्ट मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतो आहे. ती सांगणाऱ्या एकानेही मला आजवर कारखान्याचं नाव सांगितलेलं नाही. आणि मागणी नसताना दुप्पट माल काढला तर तो ठेवणार कुठे? माल अंगावर साठवायचा नाही, ही तर जपानी कारखान्यांची पहिली शिकवण.

आता सुट्टी. ज्या जपानचं उदाहरण देऊन माझ्या भाचीला तापात घराबाहेर काढलं, तिथे अतिकामानं येणाऱ्या मृत्यूला वेगळा शब्द आहे, करोशी. असे मृत्यू रोखण्यासाठी 2014 मध्ये त्यांना स्वतंत्र कायदा करावा लागला. मग 2018 मध्ये कामाच्या पद्धतीत सुधारणा करणारा मोठा कायदा झाला आणि एप्रिल 2019 पासून तो लागू होऊ लागला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, ओव्हरटाइमची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला 45 तास आणि वर्षाला 360 तास. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या कर्मचाऱ्याला वर्षाला दहा किंवा जास्त दिवसांची पगारी रजा मिळते, त्यानं त्यातले निदान पाच दिवस घेतलेच पाहिजेत आणि ते घ्यायला लावण्याची जबाबदारी मालकावर आहे. कर्मचाऱ्यानं मागितली नाही तरी मालकानं विचारून तारीख ठरवायची. सुट्टी न मागणं हा जपानी गुण असता, तर ती सक्तीनं द्यायला लावणारा कायदा तिथे कशाला झाला असता? त्यांनी त्या सवयीची किंमत माणसांच्या जिवानं मोजली आणि आता ती मोडायला बसले आहेत. आपण तीच सवय मुलांना गुण म्हणून पाठवतो आहोत.

आपल्याकडेही रजा ही मालकाची मेहेरबानी नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या माणसांना रविवारची सुट्टी 10 जून 1890 ला मिळाली. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली, महात्मा फुल्यांच्या सहकाऱ्यानं, ‘दीनबंधु’च्या संपादकानं. ज्या पुण्यात फुल्यांचा वाडा आहे, त्याच पुण्यात सुट्टी मागणारा कामचुकार ठरवला जातो, याचा मला मनापासून त्रास होतो.

पण या मेसेजमधला सगळ्यांत घातक मुद्दा सुट्टीचा नाहीच. ‘अडचण घेऊन वर जाऊ नये, साहेबांना फक्त उत्तरं आवडतात’, हा आहे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. या एका वाक्यानं किती माल भंगारात गेला, ते मी पाहिलं आहे.

आमच्याकडे एक ऑपरेटर होता. मेसेजमधली दहाही लक्षणं त्याच्यात होती. कधी खाडा नाही, कधी उलट उत्तर नाही, टार्गेट कायम पूर्ण. एका सेकंड शिफ्टला सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, त्यानं इन्सर्ट, म्हणजे कापणारी पात, बदलला आणि ऑफसेट, म्हणजे नव्या पातीप्रमाणे मशीनला द्यायचा फरक, टाकताना आकडा चुकला. बुश म्हणजे पोकळ नळीसारखा भाग, त्याचं भोक मोठं यायला लागलं. भोक तपासायच्या प्लग गेजला दोन टोकं असतात, गो आणि नो-गो. गो आत गेलंच पाहिजे, नो-गो जाता कामा नये. त्याचं नो-गो आत जायला लागलं. भोक लहान राहिलं तर पुन्हा बोअर करता येतं, मोठं झालं की काही करता येत नाही. त्याला ते कळलं होतं. त्यानं ऑफसेट दुरुस्त केला आणि पुढचे पीस नीट काढले. पण आधीचे पीस त्याच क्रेटमध्ये राहिले आणि शीटवर ‘ओके’ लिहिलं गेलं. मशीन थांबवून सुपरवायझरला बोलवायला हवं होतं, ते त्यानं केलं नाही.

माल चाकणला कस्टमरकडे गेला. तिथे असेंब्लीत बुश सैल बसायला लागल्यावर फोन आला. आमची सहा माणसं चार दिवस त्यांच्या गोडाऊनमध्ये एकेक पीस गेजनं तपासत बसली होती. मीही त्यांत होतो. परत आल्यावर त्याला विचारलं, “अरे, तेव्हाच का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “साहेब, मागच्या महिन्यात मशीन थांबवलं तर सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती.” आम्हीच त्याला गप्प बसायला शिकवलं होतं. चूक त्याच्या एकट्याची नव्हती, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं आणि आजही सांगतो.

त्याच खात्यात एक अप्रेंटिस होता. नाइट शिफ्टला पहाटे तीन वाजता त्यानं मला घरी फोन केला होता. “साहेब, ड्रॉइंगवर चॅम्फर एका बाजूला दाखवलाय, मास्टर पीसला दोन्ही बाजूंना आहे. कुठलं खरं? मशीन थांबवलंय.” चॅम्फर म्हणजे कडेला मारलेला तिरका काप. ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन, म्हणजे बदलाआधीची प्रत, खाली मशीनवर गेली होती. त्या पोराच्या नावावर खाडे होते, बोलणंही थोडं फटकळ होतं. पण कायम करायची वेळ आली तेव्हा मी त्याच्याच नावावर अडून बसलो. त्याला ठेवलं, आणि पुढे टूल रूम त्यानंच सांभाळली.

जपानचंच उदाहरण हवं असेल तर हे घ्या. टोयोटाच्या लाइनवर कामगाराच्या हाताशी एक दोरी असते, काही ठिकाणी आता बटण. काही चुकतंय असं वाटलं की ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो आणि तेवढ्यात नीट झालं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कुणी रागावत नाही. या विचाराचं मूळ मोटारींच्याही आधीचं आहे. साकिची टोयोडा यांचा 1924 चा स्वयंचलित माग सूत तुटलं की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. इशाऱ्याचा तो दिवा, त्याला अँडन म्हणतात, आज आपल्याकडच्या कारखान्यांतही दिसतो. दिवा आणला, पण बटण दाबणाऱ्याचं कौतुक करायला शिकलो नाही, तर त्याचा उपयोग काय? अडचण लवकर वर आणणारा माणूस हा कुठल्याही खात्यातला सगळ्यांत मौल्यवान माणूस असतो. आयटीतही हेच आहे. माझी भाची टेस्टर आहे. अडचण शोधून वर सांगणं हेच तिचं काम. तिलाच ‘अडचण सांगू नकोस’ म्हणणारा मेसेज यावा!

‘नाही म्हणू नये’ हा त्याचाच भाऊ. शुक्रवारपर्यंत होणार नाही, हे सोमवारी सांगणाऱ्याबरोबर काम करता येतं. माणूस वाढवता येतो, कस्टमरला कळवता येतं. शुक्रवारी संध्याकाळी मान खाली घालणाऱ्याबरोबर काहीच करता येत नाही.

एका मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य करतो. वेळेवर यावं. शिफ्टमध्ये काम केलेल्याला याचं मोल कळतं. तुमचा रिलिव्हर आला नाही तर आठ तास उभं राहिलेल्या माणसाला मशीन सोडता येत नाही, त्याची बस जाते, त्याचं पोर शाळेबाहेर थांबून राहतं. उशिरा येणारा माणूस साहेबाचं नाही, सोबत्याचं नुकसान करतो. तेव्हा दाजी, वक्तशीरपणाबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण मेसेज वेळेवर येण्याबद्दल बोलतच नाही. साहेबांच्या आधी यावं आणि साहेब गेल्यावर निघावं, एवढंच तो सांगतो. साहेबाच्या केबिनचा दिवा विजेपर्यंत स्क्रीनसमोर बसून राहणं हा वक्तशीरपणा नव्हे.

पगाराबद्दल बोलू नये, नोकरी बदलू नये, रात्री फोन उचलावा, यांवर फार लिहीत नाही. हे मालकाच्या सोयीचं आहे, यात कर्मचाऱ्याचा गुण कुठला? ‘घरचं घरी ठेवावं’ यावर मात्र एक सांगतो. आमच्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर सकाळी प्रत्येकाला विचारायचा, झोप झाली का, घरी सगळं ठीक आहे ना. ज्याचं मूल रात्रभर दवाखान्यात होतं, त्याला तो त्या दिवशी प्रेसवर उभं करायचा नाही, पॅकिंगला बसवायचा. बोटं वाचायची.

राहिले सत्तर तास. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये हा आकडा उच्चारला आणि तो आता सुभाषितासारखा फिरतो आहे. मूर्तींनी मोठी कंपनी उभी केली, त्याबद्दल आदर आहे. पण स्वतःच्या कंपनीसाठी संस्थापक घालतो ते तास आणि पहिल्या नोकरीतल्या मुलीकडून मागितलेले तास, यांत फरक आहे. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, त्यावरच्या तासांना दुप्पट दर ठरवला. ते आळशांचे लाड करायला नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे 2021 मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी तुलना केली, तर 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका अंदाजे 35 टक्के जास्त आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त. 2016 या एका वर्षात अशा लांब तासांमुळे जगात सुमारे 7 लाख 45 हजार माणसं गेली, असा त्यांचा अंदाज आहे. हे 55 तासांचं आहे. मेसेज सत्तर मागतो, आणि हिंजवडीच्या रस्त्यावर रोज जाणारे तास त्यात धरलेलेही नाहीत.

मंगळवारी भाची शेवटी घरी राहिली. मी तिला म्हटलं, सुट्टी माग, पण नीट माग. तिनं तिच्या लीडला लिहिलं: ताप 102 आहे, आज येत नाही, कालपर्यंतच्या टेस्ट केसेस अमुक फोल्डरमध्ये आहेत, तीन राहिल्या आहेत, त्यातली पेमेंटची आजच बघायला हवी, तिच्यात काहीतरी गडबड आहे असं वाटतंय. पाठवताना तिचा हात थरथरत होता. ताप होता, पण भीतीही होती.

दहा मिनिटांत उत्तर आलं. “पेमेंटचं बरं झालं सांगितलंस, मी बघते. तू झोप. ब्लड टेस्ट करून घे, सध्या डेंग्यू खूप आहे.”

दाजी, हे उत्तर मी घरच्या ग्रुपवर टाकतो आहे. तुम्ही ते त्या मेसेजच्या खाली पुढे पाठवा, ज्यांना ज्यांना तो पाठवला असेल त्या सगळ्यांना. आणि तिला आज एक फोन करा. रिपोर्ट काय आला ते विचारा, ऑफिसचं नको.